नववा प्रश्न

नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक नऊ प्रश्नांची यादी आहे. कशात रस वाटेनासा झालाय का, झोप लागते का, भूक मेलीय का, थकवा येतो का, अशी ती पायरीपायरीनं आत शिरते आणि नवव्या प्रश्नाशी थांबते. मरण आलं तर बरं, किंवा स्वतःला काही करून घ्यावं, असे विचार गेल्या दोन आठवड्यांत मनात आले का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकी गावात एका घराच्या ओसरीवर ही यादी भरून घेतली जात असताना मी बाजूला बसलो होतो. विचारणारी आशाताई गावातलीच होती. समोर तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा होता. बी.ए. झालेला, पोलीस भरतीत दोनदा मैदानी चाचणी काढूनही लेखी परीक्षेत राहिलेला. आठ प्रश्न तिनं नीट, समजावून विचारले. नवव्यावर आली, मुलाकडं पाहिलं, दाराशी बसलेल्या त्याच्या आईकडं पाहिलं, आणि न विचारताच 'नाही'च्या चौकटीत खूण करून कागदाची घडी घातली. रस्त्याला लागल्यावर म्हणाली, "सर, माय समोर बसलेली. असं कसं इचारावं? आन् इचारलं, नि त्याच्या डोक्यात नसलेलं आलं तर?"

तिची भीती मला परकी वाटली नाही. आयुष्यभर वर्गात शिकवलं, शेकडो मुलं डोळ्यांसमोरून गेली, पण हा प्रश्न मीही कुणाला सरळ विचारला नव्हता. एका मुलाला विचारायला हवा होता. त्या मुलाबद्दल मी इथं अधिक काही लिहिणार नाही. त्याच्या घरच्यांचं दुःख त्यांचं आहे. एवढंच सांगतो, की या पुस्तिकेचं काम अंगावर घेण्याचं माझं कारण तो आहे.

आशाताईच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते दिलासा देणारं आहे. विचारल्यामुळं असा विचार डोक्यात येत नाही. अनेक देशांत हे तपासून पाहिलं गेलं आहे. विचार नसेल तर माणूस 'नाही बुवा' म्हणून पुढं जातो. असेल, तर कुणीतरी त्याचं नाव घेतलं म्हणून त्याला मोकळं वाटतं. विचार येणं आणि जीव जाणं यांत फार मोठं अंतर आहे. असा विचार मनात येऊन गेलेल्या माणसांपैकी बहुतेक जण जगतात, संसार करतात, म्हातारे होतात. हा विचार लाटेसारखा येतो, चढतो आणि ओसरतो. लाट चढलेली असताना जवळ कुणी आहे की नाही, यावर पुष्कळ काही ठरतं.

आपल्याकडं मोजणी सुरू होते ती मात्र सगळं संपल्यावर. यवतमाळ जिल्ह्याला तर या मोजणीची फार जुनी आणि कडू सवय आहे. आमच्या उमरखेडशेजारच्या महागाव तालुक्यातलं चिलगव्हाण हे साहेबराव करपे यांचं गाव. १९ मार्च १९८६ रोजी त्यांच्या कुटुंबाचा अंत झाला आणि महाराष्ट्रातल्या शेतकरी आत्महत्यांची गोष्ट लोक तिथून सांगू लागले. अजूनही दरवर्षी त्या तारखेला ठिकठिकाणी माणसं अन्नत्याग करतात. २००१ पासून अमरावती विभागात शेतकरी आत्महत्यांची वेगळी नोंद ठेवली जाते. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन एका शेतकऱ्याच्या पत्नीनं केलं, जिनं आपला माणूस असाच गमावला होता. म्हणजे या विषयावर आमचा जिल्हा गप्प राहिला आहे, असं कुणी म्हणू शकणार नाही.

पण आम्ही बोललो ते शेतकऱ्याबद्दल, आणि शेतकरी म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला घरधनी. तहसीलच्या कागदात प्रकरण 'पात्र' होतं किंवा 'अपात्र' होतं. जमीन कुटुंबाच्या नावावर आहे का, कर्ज कोणत्या संस्थेचं आहे, ते थकलं आहे का, हे पाहिलं जातं आणि पात्र ठरल्यास एक लाख रुपयांची मदत मिळते. त्या मदतीची गरज मी नाकारत नाही. ज्या घरात ती गेली त्यांना तिची किंमत विचारावी. पण या तीन कसोट्यांच्या बाहेर एक अख्खी पिढी उभी आहे. सातबारा बापाच्या नावावर असतो, पीककर्ज बापाच्या नावावर असतं, पण त्यांची काळजी करत रात्री जागा असतो तो बावीस वर्षांचा पोरगा. त्याची बहीण तर कोणत्याच कागदावर नसते.

म्हणून देशाचे आकडे आधी पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात देशभरात १,६४,०३३ आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांत महाराष्ट्र सर्वांत वर, २२,२०७. सर्वांत मोठा वयोगट १८ ते ३० चा, ३४.५ टक्के. चारातली एक व्यक्ती रोजंदारीवर जगणारी होती. शेती क्षेत्रातल्या १०,८८१ मृत्यूंमध्ये ५,३१८ शेतकरी होते आणि ५,५६३ शेतमजूर. म्हणजे ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडाही नाही, असे लोक जमीनवाल्यांपेक्षा जास्त होते. 'शेतकरी आत्महत्या' हा शब्द आपण इतका वापरला, की त्याच्या आडोशाला उभा असलेला मजूर आपल्याला दिसलाच नाही. याच अहवालात ६४ टक्क्यांहून अधिक लोकांचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत होतं.

हे आकडे पोलीस ठाण्यातून येतात, आणि पोलीस ठाण्यापर्यंत सगळंच पोचत नाही. २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या वाटेनं काढलेला अंदाज छापून आला. देशभरातल्या लाखो घरांत झालेल्या मृत्यूंची कारणं घरच्यांना विचारून तो बांधला होता. त्यांच्या हिशेबात २०१० मध्ये सुमारे १,८७,००० मृत्यू आत्महत्येमुळं झाले, पोलिसांच्या नोंदीपेक्षा बरेच जास्त. आणि त्यांतल्या पुरुषांपैकी ४० टक्के, तर स्त्रियांपैकी ५६ टक्के १५ ते २९ या वयातल्या होत्या. हा दुसरा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पान बाजूला ठेवून काही वेळ नुसता बसून राहिलो. निम्म्याहून जास्त, आणि सगळ्या तिशीच्या आतल्या.

आकडे वाचताना एक जपावं लागतं. गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आत्महत्या करणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश विवाहित दिसतात. त्यावरून लग्नामुळं धोका वाढतो असं म्हणता येत नाही, कारण मोठ्या माणसांत विवाहितच जास्त असतात. पदवीधर आणि त्यापुढं शिकलेले ४.६ टक्केच दिसतात, पण लोकसंख्येत पदवीधर किती, हे बाजूला ठेवल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. वय, लिंग, शिक्षण, लग्न, धंदा, जात, घरची मिळकत यांना अभ्यासक लोकसंख्येचे घटक म्हणतात. कोण मरणार, हे ते सांगत नाहीत. कोणत्या दारावर आधी थाप मारावी, इतकंच सांगतात. आणि गावात काम करणाऱ्याला तेवढंही पुष्कळ असतं.

एमिल द्युर्केम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १८९७ मध्ये या विषयावर समाजशास्त्रातला एक पायाभूत अभ्यास लिहिला. माणूस समाजाशी किती घट्ट बांधलेला आहे यावर त्याचं तगून राहणं अवलंबून असतं, ही त्याची मुख्य मांडणी. लग्न माणसाला सावरतं, पण त्याचा आधार पुरुषाला जास्त आणि बाईला कमी, हेही त्यानं आकड्यांतून पाहिलं होतं. सव्वाशे वर्षांनी भारताकडं पाहिलं तर बायकांबद्दलचा हा प्रश्न अजून तसाच उभा दिसतो. २०१६ मध्ये जगात आत्महत्येनं गेलेल्या स्त्रियांपैकी ३६.६ टक्के एकट्या भारतातल्या होत्या, आणि त्यांच्यात विवाहितांचा वाटा सर्वांत मोठा होता, अर्थात आकड्यांबद्दलची वरची सावधगिरी इथंही लागू आहे.

ढाणकीच्या अंगणात उभं राहून याचा अर्थ लावायचा तर आधी ही जागा कशी आहे ते सांगितलं पाहिजे. उमरखेड तालुक्याचं हे बाजाराचं गाव. पैनगंगेच्या अलीकडं विदर्भ, पलीकडं मराठवाडा. बोलीही तशीच, अर्धी इकडची अर्धी तिकडची. कापूस, सोयाबीन, तूर, आणि पाणी असेल तिथं ऊस आणि हळद. बिटरगावच्या बाजूला गेलं की पैनगंगा अभयारण्याचं रान लागतं, त्या टापूला लोक बंदीभाग म्हणतात. आंध, गोंड, बंजारा, वेगवेगळ्या समाजांची वस्ती, तांडे. जिल्ह्याचं गाव यवतमाळ शंभर किलोमीटरहून लांब. त्यामुळं मोठं दुखणं आलं की माणसं नांदेड गाठतात. पण मनाचं दुखणं घेऊन नांदेडला कोण जातं? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणतीनुसार देशात लाख लोकांमागं एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा भरत नाही, ०.७५ आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ मध्ये, वेगवेगळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराबाहेर आढळले होते. बंदीभागातल्या पाड्यावर यांपैकी कोणता टक्का लागू असेल, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही.

या पुस्तिकेसाठी आम्ही इथल्या तरुणांत बसलो, तेव्हा कुणीच 'आत्महत्या' हा शब्द काढला नाही. तो पेपरातला शब्द आहे. माणसं म्हणतात, जीव उबगला. काई खरं नाई. झोपलं तर उठूच नाई असं वाटते. मी नसलो तर घरचा एक खर्च तरी वाचल. हे शेवटचं वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलं, आणि प्रत्येक वेळी ते अगदी साध्या आवाजात, हिशेब सांगावा तसं, सांगितलं गेलं. आपण घरावरचं ओझं आहोत असं ज्याला वाटू लागलं, त्याच्याकडं तातडीनं लक्ष द्यायला हवं. रडणाऱ्याकडं लक्ष जातंच. हिशेब सांगणाऱ्याकडं जात नाही.

मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या, भरती आणि लग्न. अभ्यासिकेत पहाटेपासून रात्रीपर्यंत बसणारी मुलं आहेत, काही वयाची अट संपेपर्यंत बसलेली. जाहिरात निघत नाही, निघाली तर परीक्षा लांबते, झाली तर निकाल अडकतो. या काळात मुलगा ना विद्यार्थी असतो ना कमावता. सणाला घरी आलेले पाहुणे 'काय चाललंय सध्या?' विचारतात, म्हणून तो सणाचं घरी येणंच टाळतो. आणि लग्न? शेतकरी नवरा नको, नोकरीवाला पाहिजे, असं मुलीकडचे सांगतात. त्यांना दोष देऊन काय होणार, शेतीनं आपल्या मायचं काय केलं ते त्या मुलीनं पाहिलेलं असतं. पण तिशी ओलांडलेला, तीन एकरवाला, बिनलग्नाचा मुलगा प्रत्येक मांडवात जातो आणि प्रत्येक मांडवातून एकटा परत येतो. त्याच्या मनाची विचारपूस गावात कुणी करत नाही. त्याची थट्टा मात्र सगळे करतात. मग दारू येते. या जिल्ह्यातल्या बायका दारूबंदीसाठी मोर्चे काढून थकल्या. दारू त्या विचाराला पाय देते, हे त्यांना कोणत्याही अहवालाआधी ठाऊक होतं.

मुली आमच्याशी बोलल्या त्या उशिरा, आणि घराबाहेर. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली होती, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. बारावीत चांगले गुण पडूनही 'पुढं कशाला' म्हणून थांबवलेली, एकोणिसाव्या वर्षी कडेवर लेकरू असलेली, नवरा ऊसतोडीला गेल्यावर सासरी एकटी राहिलेली अशी मुलगी. तिचा फोन सासू ऐकते, तिचा दवाखाना नवरा ठरवतो. तिनं जिवाचं बरंवाईट करण्याची गोष्ट काढली तर 'नाटकं' म्हणून सोडून देतात. जगभर असं दिसतं की असे विचार आणि प्रयत्न स्त्रियांमध्ये जास्त, मृत्यू पुरुषांमध्ये जास्त. त्याचा अर्थ स्त्रियांचं बोलणं खोटं, असा आपल्याकडं सर्रास काढला जातो. तो चूक आहे. तिला मदत मागायची दुसरी भाषा आपण ठेवलेली नाही.

तिसरा एक गट आहे, ज्याच्याबद्दल स्वतंत्र प्रकरण लिहावं लागलं. नांदेड, लातूरला नीटच्या तयारीला पाठवलेली सतरा-अठराची मुलं. घरच्यांनी सोनं मोडून, क्वचित रान गहाण टाकून भरलेली फी त्यांच्या मानेवर बसलेली असते. २०२१ मध्ये देशात १३,०८९ विद्यार्थ्यांचे असे मृत्यू नोंदले गेले. निकालाचा दिवस सगळ्यांना माहीत असतो. त्या दिवशी मुलाजवळ कुणी असावं, एवढं तरी घरातून ठरवता येतं.

आता जे वाचून मला उभारी आली ते सांगतो. आमच्याच अमरावती विभागात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. 'संगाथ' ही गोव्यातून सुरू झालेली संस्था आणि पाणलोटाचं काम करणारे लोक त्यात होते. त्यांनी गावातल्याच माणसांना शिकवलं. दुःखी माणूस ओळखायचा कसा, त्याच्याशी बोलायचं कसं, समुपदेशकाकडं कधी न्यायचं आणि डॉक्टरकडं कधी. अठरा महिन्यांनी पुन्हा पाहणी केली. आधी नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी जेमतेम चार जण मदत घेत होते, आता सत्तावीस घेत होते. आणि वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आला असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ वर आलं. २०१७ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट सायकियाट्री'त छापले गेले. ही आधी-नंतरची तुलना आहे, तेव्हा सगळं श्रेय कार्यक्रमालाच देऊ नये. तरीही, हीच कापसाची जमीन, हीच कर्जं, हाच पाऊस, आणि त्यात गावातल्या शिकवलेल्या माणसांनी विचारायला सुरुवात केली. राज्य सरकारनंही २०१५ पासून १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प आणला, त्यातही घरोघर जाणारी आशाताईच होती. वाट तीच आहे. ती टिकवायला पैसा लागतो, मानधन वेळेवर लागतं, आणि आशाताईच्या डोक्यावरची इतर चाळीस कामं कमी करावी लागतात.

कायदाही आता बाजूनं आहे, हे गावात फारसं कुणाला ठाऊक नाही. पूर्वी प्रयत्न करणारा गुन्हेगार ठरत असे, म्हणून घरचे दवाखान्यात खोटं सांगत. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ मध्ये लागू झाला, त्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून त्याला उपचार आणि आधार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. दंडविधानातलं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत ठेवलेलं नाही. मदत मागितल्यानं पोलीस दारात येतील ही भीती सोडायला हवी.

ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, मोफत चालू आहे आणि मराठीत बोलता येतं. धोका अगदी समोर दिसत असेल तर १०८ किंवा ११२. ही पुस्तिका वाचणाऱ्या ज्या कुणाला स्वतःचाच जीव जड झाला असेल त्याला सांगतो, पुढची पानं नंतर वाच. आधी हा फोन लाव, नाहीतर घरातल्या, शेजारच्या, ज्याच्याजवळ बसावंसं वाटतं अशा एका माणसाकडं जा आणि आजची रात्र एकटा काढू नकोस.

पुढच्या प्रकरणांत विचारायचं कसं ते सविस्तर आहे. इथं थोडंच सांगतो. आडून सुरुवात करावी, जीव नकोसा होतो का रे कधी? हो म्हटलं तर सरळ विचारावं, जीव द्यायचा विचार येतो का? मग गप्प बसावं. 'असं बोलू नये' म्हणू नये. 'मायबापाचा तरी विचार कर' तर मुळीच म्हणू नये, तो विचार करूनच तो इथवर आलेला असतो. घरात शेतीची औषधं असतील तर ती कुलपात किंवा दुसरीकडं ठेवावीत. श्रीलंकेनं सर्वांत विषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्येचा दर दोन तृतीयांशाहून अधिक खाली आला. कठीण तास टळला तर माणूस वाचतो, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

पुस्तिका लिहून होत आली तेव्हा ती आशाताई भेटली. म्हणाली, त्या घरी परत जाऊन आले. या वेळी तिनं मायला, 'काकू, चहा ठेवा बरं,' म्हणून आत पाठवलं आणि मुलाला नववा प्रश्न विचारला. तो बराच वेळ अंगठ्यानं ओसरीचा पोपडा काढत बसला. मग बोलला. माय दोनदा दाराशी येऊन परत गेली, तिनं काय ओळखलं कोण जाणे. चहा तिनं तिसऱ्यांदा गरम करून आणला तेव्हा पोरगं अजून बोलत होतं.